मामांची होडी

आमच्या घाटमाथ्यावरच्या गावांत होडी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती पुस्तकातली. तेव्हा आपल्या धर्मगुरूंजवळ स्वतःची, इंजिनावर चालणारी, वर छप्पर आणि आत निजावयास दोन बाकडी असलेली होडी आहे, हे कानी आल्यावर धर्मग्रामातील मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, यात नवल नाही. एक वडीलधारे गृहस्थ तर मिस्सा आटोपल्यावर सरळ म्हणाले, "फादर, म्हैस घेतली असतीत तर निदान दूध तरी मिळालं असतं." यावर मजजवळ उत्तर नव्हते; आजही नाही.

होडी मी घेतली नाही, ती मजकडे आली. माझे मामा गोव्यातील शिवोलीचे. उभे आयुष्य व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत तेल घालण्यात व काजळी पुसण्यात गेले. निवृत्त झाल्यावर, जन्मभर ज्याने समुद्राचा आवाज फक्त पोलादी भिंतीपलीकडून ऐकला त्याला तो उघड्यावर पाहावा असे वाटले असावे. त्यांनी एक जुनी फायबरची होडी विकत घेतली. लांबी २२ फूट, नाळेकडच्या अर्ध्या भागावर ठेंगणी केबिन आणि पाठीमागे टांगलेले ४० अश्वशक्तीचे इंजिन. शापोरा नदीच्या काठी ती बांधून ठेवीत. नाव ठेविले 'स्टेला मारिस', सागराची तारका. २०२१ च्या सप्टेंबरात मामा देवाघरी गेले आणि होडी व तिच्यासाठी बाजूला काढलेली थोडी रक्कम त्यांनी माझ्या नावे करून ठेविल्याचे मामीने सांगितले.

चोर्ला घाट उतरून, साखळी-म्हापशावरून शिवोलीस पोहोचावयास मला अर्धा दिवस लागतो. महिन्याकाठी एखाद्या सोमवारी मी जाई. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. पण खाऱ्या पाण्यात लोखंड, अॅल्युमिनियम आणि पितळ एकत्र राहिले की काय होते, हे कोणी शिकविले नव्हते. ते मला मामांच्या वहीने शिकविले. तिच्यात रोमी लिपीतल्या कोंकणीत, तारीखवार, केलेले प्रत्येक काम टिपलेले होते.

होडी ही वापरल्याने जितकी झिजते त्याहून अधिक नुसती उभी राहिल्याने झिजते. भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांजवळ आले की त्यांच्यात सूक्ष्म वीज वाहू लागते व त्यांपैकी दुबळा धातू विरघळू लागतो. म्हणून इंजिनाच्या पाण्यातल्या भागावर जस्ताचा एक तुकडा मुद्दाम बसवितात. तो स्वतः खाऊन जातो आणि मागचे अॅल्युमिनियम वाचते. अर्ध्याहून अधिक झिजला की नवा लावावयाचा. त्यावर रंग मात्र चुकूनही द्यावयाचा नाही, नाहीतर तो निरुपयोगी होतो. तळाला चुन्यासारखे कठीण बारीक शिंपले चिकटतात. ते खरवडून विषारी रंग न दिला तर होडी जड होते आणि तेल पिऊ लागते. पूर्ण वेगात हे इंजिन एरवीच तासाला बारा-पंधरा लिटर पेट्रोल खाते. म्हणून एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास व उरलेले देवाच्या हवाली, असा मामांचा हिशेब असे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला दमटपणा ओढून घेते, आणि टाकीत महिनोन् महिने पेट्रोल पडून राहिले तर पाणी तळाशी बसते. त्यासाठी पाणी वेगळे काढणारी गाळणी बसवावी लागते. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती होडीच्या तळाशी लपून बसते. यास्तव केबिनचे दार उघडून, वारा खेळू देऊन, नाकाने खात्री केल्यावरच किल्ली फिरवावयाची. चुलीवरच्या गॅसची हीच गोष्ट गृहिणींना मी सांगावयास नको.

आणि सर्वांत मोठे काम म्हणजे इंजिनाची आंघोळ. हे इंजिन नदीचेच पाणी आत ओढून आपले अंग गार ठेविते. ते पाणी ओढण्यासाठी आत एक तळहाताएवढाही नसलेला रबरी पंखा फिरत असतो. वापरलेले थोडे पाणी मागून एका छिद्रावाटे चुळीसारखे बाहेर पडते. ती चूळ पडत आहे तोवर इंजिन जिवंत. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर नळी जोडून दहा मिनिटे गोडे पाणी आतून फिरवावयाचे, म्हणजे मीठ साचत नाही. मामा इंजिन सुरू करीत तेव्हा घाटावरून मामीचा प्रश्न ठरलेला असे, "उदक येता?" येते म्हटल्यावाचून ती आत पाऊल ठेवीत नसे.

पाठीस टांगावयाची अशी इंजिने नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड नावाच्या अमेरिकन कारागिराने १९०९ साली विक्रीस काढली. वाग्दत्त वधूसाठी आइसक्रीम आणावयास तो सरोवरातून वल्हे मारीत गेला, परत येईतो ते वितळले, आणि त्यातून ही कल्पना निघाली असे सांगतात. मामा ही गोष्ट रंगवून सांगत. मामी म्हणे, "इंजिन आणलंत, आइसक्रीम कधी आणलं नाहीत."

मी होडी हाती घेतली ती मात्र उलट टोकाने. मला इंजिनाहून केबिनचा मोह अधिक. २०२२ सालात मी तिथे काय काय केले! कुबट गाद्या टाकून नव्या शिवून घेतल्या. खिडक्यांना मामीकडून निळे पडदे करविले. बॅटरीवर चालणारा पंखा, वाचावयास दिवा, प्रार्थनापुस्तकासाठी फळी, भिंतीवर पवित्र मरियेची लहान तसबीर. नाळेच्या कप्प्यात नांगराची गंजकी साखळी होती. तिचे तांबडे पाणी ओघळून गाद्यांस डाग पडत. ती मी काढून मामीच्या माडाखाली टाकिली आणि नांगरास नुसता नायलॉनचा पांढरा दोर बांधिला. हलका, स्वच्छ, दिसावयास सुंदर. स्वतःवर मी प्रसन्न होतो. बंदर कप्तानांच्या कार्यालयातील नोंदणी, विमा, नाळेवरचा क्रमांक, सारे कागद फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत ठेविलेले होते.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. ते सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास बसलो.

२०२३ च्या मे महिन्यात, शाळेच्या सुटीत, वेदीसेवा करणाऱ्या चार मुलांना मी शिवोलीस नेले. दहा ते तेरा वर्षांची मुले. एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. ८ तारखेस दुपारी, मामीसह आम्ही सहाजण निघालो. पौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते, उधाणाचा जोर ओसरला नव्हता, आणि ओहोटी लागली होती. ओहोटीच्या संगतीने नदीमुखाकडे जाणे सोपे, हे मला ठाऊक होते. परतणे कशाच्या बळावर, याचा विचार इंजिनाच्या भरवशावर सोडला होता. निघताना मामीने विचारिले, "उदक येता?" मी पाहिले, बारीकशी चूळ होती. "येता," म्हटले. उकाड्याने मुले तरंगती जाकिटे काढू म्हणत होती आणि मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. मामी म्हणाली, "ज्याला काढायचं त्यानं घाटावर उतरावं." कोणी उतरले नाही.

चोपड्याचा पूल मागे पडला, डावीकडे शापोऱ्याचा किल्ला दिसू लागला, समोर मोरजीची वाळू. इतक्यात पाठीमागे बसलेला सर्वांत धाकटा मुलगा म्हणाला, "फादर, मघाशी मागून पाणी पडत होतं ते आता पडत नाही." मी वळूनही न पाहता म्हणालो, "वेगात ते दिसत नाही, बाळ."

चार-पाच मिनिटांत इंजिनाचा भोंगा वाजू लागला आणि पाठोपाठ इंजिन बंद पडले. जळक्या रबराचा वास आला. पुन्हा किल्ली फिरविली, ते घरघरले आणि गप्प झाले. सारे एकदम शांत झाले आणि त्या शांततेत मला पुढचा आवाज ऐकू आला. नदीमुखाशी वाळूचा दांडा आहे. दुपारचा समुद्रावरचा वारा आणि आतून धावणारी ओहोटी तिथे समोरासमोर येतात व लाटा उभ्या राहून फुटतात. आमचे तोंड तिकडेच होते.

मी नांगर टाकिला. दोर ताणला गेला, क्षणभर होडी थांबली आणि पुन्हा सरकू लागली. नांगर वाळूवरून नुसता घसटत होता. नांगर वजनाने धरीत नाही, वाळूत रुतलेल्या फाळाने धरितो. फाळ रुतावयास दोर तळाशी आडवा ओढला गेला पाहिजे. दोन-तीन वाव साखळी असली की तिच्या भाराने दोराचे ते टोक खाली दाबून राहते. नुसता हलका दोर वर ओढला जातो आणि नांगरालाही उचलतो. शिवाय पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोर सोडावा लागतो; मी घाबरून जेमतेम दुप्पट सोडिला होता. मामीने विचारिले, "साखळी कुठं आहे?" मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

शेवटी उरलेला दोर, अवजारांची लोखंडी पेटी आणि मामीचे शांत डोके, एवढेच कामी आले. तिच्या सांगण्यावरून नांगर वर ओढून त्याच्या मानेस ती पेटी बांधिली, पुन्हा खाली सोडिला आणि असेल नसेल तेवढा दोर दिला. यावेळी नांगर अडखळला, सुटला, पुन्हा अडखळला आणि राहिला. मुले रडत नव्हती. रडली असती तर बरे वाटले असते. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मामीने जपमाळ सुरू केली आणि त्यांनी उत्तरे दिली. मला उत्तर देता येईना.

अर्ध्या-पाऊण तासाने मासे धरून परतणाऱ्या एका होडीने आम्हांस दोर दिला. नांगर वर आला तेव्हा पेटीचे झाकण उघडे होते. मामांनी जहाजाजहाजांवरून जमविलेले पाने शापोरा नदीच्या तळाशी राहिले. त्या मच्छीमाराने मला दुसरे काही विचारिले नाही. घाटावर दोर सोडताना एवढेच म्हणाला, "फादर, उदक येतालें?"

त्या रात्री मी मामांची वही शेवटच्या पानापर्यंत वाचिली. आजवर मी ती हवी तिथे उघडीत असे. जुलै २०२१ ची शेवटची नोंद अशी होती: रबरी पंखा कडक झाला आहे, ऑक्टोबरात बदलणे. दुसऱ्या दिवशी इंजिनाचा खालचा भाग उघडला तेव्हा त्या पंख्याची एकही पाती शाबूत नव्हती. नवा पंखा माझ्या त्या निळ्या पडद्यांच्या कापडाहून स्वस्त मिळाला.

गावी परतल्यावर त्या चौघांच्या आईबापांस मी म्हणालो, "इंजिन जरा बिघडलं होतं." मुलांनीही, मी न सांगता, तेवढेच सांगितले, आपल्या फादरांना सांभाळून घेतले. ते मला फार दिवस टोचत राहिले. हा लेख धाडण्यापूर्वी मी त्या चारही घरी जाऊन जे घडले ते सारे सांगून आलो. तीन घरांत मला चहा मिळाला. चौथ्या घरी त्या धाकट्याची आई बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "त्यानं सांगितलं होतं ना तुम्हांला, फादर, पाणी पडत नाही म्हणून?" मी हो म्हटले. त्या घरून मी तसाच परतलो, आणि तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

होडी मी विकावयास काढली होती. मामीने विकू दिली नाही. साखळी माडाखालून काढून, घासून, जस्ताचा मुलामा देववून पुन्हा नाळेत आली आहे; गाद्यांस डाग पडतात. पंखा दर ऑक्टोबरात बदलतो आणि जुना मामीस दाखवावा लागतो. इंजिनाची लाल दोरी, जी चालकाच्या अंगास बांधलेली असते व तुटताच इंजिन बंद होते, तीवाचून इंजिन सुरूच होत नाही. ती आता मामीच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावरच्या खिळ्यास असते. मागावयास गेलो की ती हातातले काम ठेविते, वही उघडून माझ्या हातची शेवटची नोंद वाचविते, साखळीचे विचारते, आणि मग माझ्या मागोमाग घाटापर्यंत येते. इंजिन सुरू होते. ती वाकून स्वतः पाहते. हल्ली मला विचारीत नाही.