कंबरेचा फोटो

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकच ओळ असते : 'एक्स-रे एल.एस. स्पाइन, ए.पी. आणि लॅटरल', म्हणजे कंबरेच्या कण्याचे दोन फोटो, एक सरळ, एक कुशीवरचा. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयात मी एक्स-रे टेक्निशियन आहे. ही ओळ सगळ्यात जास्त येते ती ऊसतोडीचा हंगाम सरल्यावर. कारखाने बंद झाले, कोयते गावाकडे परतले, की बाकावर कंबर धरून बसलेल्या बाया-माणसांची रांग लागते. ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढलेली माणसं ही.

बटण दाबायला क्षणभरसुद्धा लागत नाही. वेळ जातो तो त्याच्या आधी. करदोडा, त्यातला ताईत, परकराला टोचलेली सेफ्टी पिन, कनवटीची चिल्लर, म्हाताऱ्यांच्या बंडीतली चुन्याची डबी. हे सगळं नेमकं कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या आसपास मुक्कामाला असतं. बाकीचं निघतं, पण करदोडा काढा म्हटलं की चेहरा बदलतो. सैल असेल तर तो मांडीवर उतरवायचा. नसेल तर ताईत सरळ फोटोला कुशीकडे आणि कुशीवरच्या फोटोला पोटाकडे फिरवायचा. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही.

बायकांना आणखी एक विचारावं लागतं. पोटावरून किरण जाणार, तेव्हा दिवस गेलेले नाहीत ना याची खात्री हवी. "मावशी, पाळी कधी आली होती?" समोरची बाई पस्तिशीचीही नसते आणि सहज सांगते, "पिशवी काढली की." ऊसतोड बायकांच्या या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये बीड जिल्ह्याचं नाव गाजलं, सरकारने चौकशी समिती नेमली. माझ्या टेबलावर ते प्रकरण असं तीन शब्दांत येतं. काहीजणी पुढे सांगतात, "कंबर दुखायची म्हनूनच काढली. पिशवी गेली, कंबर हाय तशीच." यावर काय बोलावं ते मला अजून सुचत नाही. मी म्हणते, "उताण्या निजा."

उताणं निजलं की माणूस पाय ताणून घेतो. फोटो म्हणजे सगळं ताठ असायला हवं, अशी समजूत. पण कंबरेच्या पाच मणक्यांना पुढच्या बाजूला बाक असतो. पाय लांब केले की तो वाढतो, पाठ टेबलावरून उचलली जाते आणि मणक्यांमधल्या फटी किरणांच्या वाटेत तिरप्या होतात. गुडघे वर घेऊन तळवे टेकवले की पाठ बसते, फटी उघडतात. मग दोन्ही हातांनी कंबरेच्या हाडाची वरची कड चाचपायची. ही कड साधारण चौथ्या मणक्याच्या पातळीला येते. चौदा बाय सतरा इंचांची कॅसेट असेल तर मधला किरण तिथे. लहान कॅसेट असेल तर दीड इंच वर, तिसऱ्या मणक्यावर. जाड माणसाची कड शोधायला बोटं खोल रुतवावी लागतात. "ताई, गुदगुल्या व्हत्यात," म्हणणारे आजोबा याच वेळी हलतात.

वर शेवटची फासळी आली पाहिजे, याबद्दल मी हट्टी आहे. काहींचा पाचवा मणका खालच्या त्रिकास्थीला चिकटून एक झालेला असतो, काहींच्या त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहून सहावा वाटतो. खालून मोजलं तर चौथ्याला पाचवा म्हणायची पाळी येते, आणि उद्या ऑपरेशन ठरलं तर तो घोळ महागात पडू शकतो. फासळी दिसली की वरून मोजता येतं.

खरी कसोटी कुशीवरच्या फोटोची. डाव्या कुशीवर निजवायचं, गुडघे पोटाकडे. खांदे आणि नितंब रुंद, कंबर बारीक; त्यामुळे मधला कणा टेबलाकडे झुकतो. बायकांत हे जास्त. म्हणून कंबरेखालच्या पोकळीत चादरीची घडी सारायची आणि मागे उभं राहून पाहायचं : मणक्यांची टोकं टेबलाला समांतर रेघेत आली का? एक घडी कमी पडली तर दुसरी. तरी झोल राहिला तर ट्यूब पायांच्या दिशेने पाच ते आठ अंश तिरपी. पाठीमागे टेबलावर शिशाचा पत्रा ठेवला की विखुरलेले किरण तिथेच अडतात आणि चित्र स्वच्छ येतं. पत्रा ठेवायचा कंटाळा करणारे पुष्कळ पाहिलेत.

मग श्वास. छातीच्या फोटोला श्वास भरून घ्यायचा, इथे सोडून थांबायचं. छाती-पोटामधला पडदा वर जातो, पोटाची जाडी सारखी होते. ज्याचा छातीचा फोटो पूर्वी निघालेला असतो तो मी काही म्हणायच्या आत छाती फुगवून तयार.

शिकताना तिरके फोटोही काढायचो, अंग ४५ अंशांत वळवून. त्यात मणक्याच्या मागच्या भागाचा एक कुत्रा दिसतो, जगभर त्याला स्कॉटी डॉग म्हणतात. कान म्हणजे वरचा सांध्याचा उंचवटा, नाक म्हणजे आडवा काटा, पुढचा पाय म्हणजे खालचा उंचवटा. मानेवर पट्ट्यासारखी काळी रेघ दिसली, तर तिथलं हाड तुटलेलं. आता हे फोटो फारसे कुणी लिहून देत नाही. किरणांची मात्रा वाढते आणि सीटीत ते हाड जास्त स्पष्ट दिसतं, हे मला पटतं. तरी तो कुत्रा नीट उमटवण्यात जी मजा होती, ती सीटीत नाही.

"मनक्यात गॅप पडलाय का?" टेबलावरून उतरता उतरता सगळे विचारतात. रिपोर्ट देणं माझं काम नाही. पण डोळे तर आहेत. पन्नाशीच्या एका मावशींच्या फोटोत चौथा मणका पाचव्यावरून जरासा पुढे आलेला दिसला. डॉक्टरांनी उभ्याने परत काढायला सांगितला, तेव्हा तोच मणका चांगलाच पुढे घसरलेला. निजल्यावर कण्यावरचा भार उतरतो, म्हणून घसरणही लपते. मोळी उचलताना दुखणारी कंबर आपण निजवून तपासतो, हे मला तेव्हापासून खटकतं. आमच्या खोलीत उभा स्टँड आहे, पण तो बहुतेक छातीच्या फोटोंपुरताच वापरात.

चिठ्ठीत फेरफार करायचा अधिकार मला नाही. शंका आली की चिठ्ठी घेऊन मी ओपीडीत जाते, गर्दीतून हात पुढे करून विचारते, "सर, हा उभ्याने काढू?" बहुतेक वेळा मान डोलते. परत येईपर्यंत पेशंट टेबलावर चढून, गुडघे वर घेऊन, श्वास सोडून तयार असतो.

"मावशी, उतरा. उभ्यानं काढायचाय."

"मग चढायच्या आधी सांगायचं की ओ ताई!"