पोटात पाय

थर्ड इयरला मला वायडी लागली, हे मेसच्या काकांपासून सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा लपवण्यासारखं काही नाही. ते महिने मी रत्नागिरीला घरी काढले. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. जेवताना आईला "त्याला भात वाढ" एवढंच म्हणायचे. घरात बसवेना, म्हणून मावसबहिणीबरोबर तिच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात जायला लागलो. ताई तेव्हा एम.एस्सी. करत होती आणि तिला व्हर्नियर धरता येणारा माणूस हवा होता. मेकॅनिकलवाल्यांना तेवढं तरी येतं, असं तिचं मत!

तिने एक जुना लाकडी खण माझ्यापुढे ठेवला. त्यात कापसावर चाळीसेक शंख, नखाएवढे, चपटे, शर्टाच्या बटणासारखे गुळगुळीत. "वर्णन लिही आणि जात ओळख," म्हणाली आणि लेक्चरला गेली.

कुणावर नागमोडी रेघा, कुणी गुलाबी, कुणी करडा. मी रंगांप्रमाणे सात ढीग केले. निदान एक तरी जात नवीन निघेल, तिला आपलं नाव मिळेल, आणि मग बाबांना सांगू, इथपर्यंत मजल गेली होती. ताईने येऊन सातही ढीग एकत्र केले. "रंगावर जाऊ नकोस रे. होस्टेलची पोरं काय शर्टावरून ओळखतोस?"

मग तिने शिकवलं. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजवीकडे आलं तर तो उजवा. (या हिशेबाने देवघरातला दक्षिणावर्ती शंख चक्क डावा निघतो! आजीला अजून सांगितलेलं नाही.) वेढे मोजायचे. दोन वेढे जुळतात ती शिवण बघायची, तिच्यावर मणी आहेत का, वेढ्यांवर खोल खाचा आहेत का. आमच्या नगांवर दोन्ही नव्हतं. शंख उलटा केला की बऱ्याच जातींत मधोमध बेंबीसारखं भोक असतं; इथे त्यावर गुळगुळीत, चकचकीत जाड थर चढलेला. मी प्रत्येकाचा व्यास आणि उंची 0.02 मिमीपर्यंत मोजली आणि ग्राफ काढला. सातही ढिगांतले ठिपके एकाच रेषेला चिकटून! जात एकच : अंबोनियम व्हेस्टियारियम.

लिनीयसने 1758 साली हिला ट्रोकस या प्रजातीत घातलं होतं. पुढे ती अंबोनियममध्ये गेली, म्हणून आता त्याचं नाव आणि साल कंसात लिहितात. म्हणजे ब्रँच बदलली की जुने सर कंसात. हा प्राणी वाळूत पुरून घेऊन पाण्यातले कण गाळून खातो. ज्या वर्गात तो मोडतो त्या गॅस्ट्रोपोडाचा अर्थच पोट-पाय. आपल्या म्हणीला हे आधीच माहीत होतं.

आता खरं सांगायचं ते. काही शंखांवर पांढरी पूड होती. लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ शंखातलं कॅल्शियम कार्बोनेट खाते. 1899 साली बाइन या इंग्रजाने हा 'रोग' जंतूंमुळे होतो असं लिहिलं, म्हणून अजूनही त्याला बाइनचा रोग म्हणतात. मला पहिल्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. मी शंख पुसले, घाण कापूस उचलला आणि त्यातल्या पिवळ्या चिठोऱ्यासकट डब्यात टाकला.

चौथ्या दिवशी ताईने विचारलं, "चिठ्ठी कुठे?"

गोळा केल्याची जागा आणि तारीख फक्त त्या चिठ्ठीवर होती. त्याशिवाय शंख म्हणजे नुसती खेळणी. ती ओरडली नाही, आणि तेच जास्त लागलं. आम्ही दोघांनी मागच्या अंगणातला कचऱ्याचा ढीग उपसला. दीड तासाने अर्धा तुकडा मिळाला : "मिऱ्या" आणि "जानेवारी". सालाचा भाग भिजून गेला होता.

रजिस्टर माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "तूच लिही."

मी लिहिलं : 'अंबोनियम व्हेस्टियारियम, 41 नग, मिऱ्या, जानेवारी. वर्ष अज्ञात. मूळ चिठ्ठी साफसफाईत फाटली.' खाली सही केली. रात्री जेवताना हे सगळं मी घरी सांगितलं. बाबांनी ताटातून मान वर केली आणि विचारलं, "मिऱ्याच्या कुठल्या बाजूचे होते रे?"