लेखनक्रिया

दासबोधाचा नित्यपाठ आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून चालत आलेला. २० दशक आणि २०० समास. रोज एक समास या नेमाने दोनशे दिवसांत ग्रंथ समाप्त व्हावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या समासाला आरंभ व्हावा, हा क्रम माझ्या मुंजीपासून चाळिशी उलटेपर्यंत सोयरसुतकाचे दिवस वगळता कधी मोडला नव्हता. आणि म्हणूनच, मोहाचा प्रसंग आलाच तर ग्रंथाने मला आधीच सिद्ध करून ठेवले आहे, अशी माझी निःशंक समजूत होती. ती किती कच्ची होती, हे १९५७ सालच्या मार्च महिन्यात मला कळून आले.

त्या वर्षी १ एप्रिल हा कूळकायद्यान्वये कृषिदिन ठरला होता. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे खरेदीदार मानले जाणार असल्यामुळे, मालकी जाण्याचे भय एका बाजूस आणि पिढ्यान्‌पिढ्या खंड भरून कसलेली जमीन आपली होण्याची आशा दुसऱ्या बाजूस, अशा कात्रीत सारा जिल्हा सापडला होता. हा सारा झगडा अखेर पीकपाहणीतील एका शब्दावर येऊन ठेपत असे : जमीन मालक खुद्द कसतो की कूळ कसते? मी तेव्हा एका कचेरीत कारकून होतो, आणि अशा नोंदींच्या नकला तयार करणे हेच माझे काम होते.

एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास एक परिचित गृहस्थ घरी आले. द्राक्षांचा हंगाम होता. त्यांच्या हाती एक करंडी होती. चहा झाला, मुलाची चौकशी झाली, आणि मग अगदी सहज, जणू हवापाण्याची गोष्ट बोलावी तसे ते म्हणाले, "रावसाहेब, त्या नकलेत एका सालापुरते 'खुद्द' पडले तर बिघडते काय? मूळ दप्तर उलगडून पाहतो कोण?" मी नाही म्हणालो नाही. 'पाहू' म्हणालो. ते गेल्यावर करंडीतली पाने बाजूला सारली, तर द्राक्षांच्या खाली लिफाफा, आणि त्यात शंभराच्या पाच नोटा.

ती रक्कम माझ्या चार महिन्यांच्या पगाराहून अधिक होती. थोरल्या मुलाला पुण्यास अभियांत्रिकीला पाठवावयाचे होते आणि पैशाची तजवीज झालेली नव्हती, हे त्या गृहस्थांना ठाऊक होते. लिफाफा पुन्हा जागच्या जागी ठेवून मी निजलो. झोप कसली यायला? नेमाने म्हटलेल्या, लोभाचा धिक्कार करणाऱ्या ओव्या एकामागून एक ओठांवर येत होत्या, पण प्रत्येक ओवीला मन तत्काळ उत्तर देत होते : लोभ माझ्यासाठी थोडाच आहे, मुलाच्या विद्येसाठी आहे, आणि मालकही काही परका नव्हे, त्याचीही बाजू आहेच. पढतमूर्खाचा समास आठवला तेव्हा लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. परंतु लाजेने मनुष्य मान खाली घालतो एवढेच, तिच्यात हात आवरण्याचे सामर्थ्य असतेच असे नाही.

पहाटे अंधारातच उठून मी नाशिकजवळच्या टाकळीची वाट धरली. नासर्डीकाठी जेथे दासबोधकर्त्या समर्थ रामदासांनी बारा वर्षे पाण्यात उभे राहून जप केला, पंचवटीत मधुकरी मागितली, तेथल्या गोमय मारुतीच्या दर्शनाला शनिवारी जाण्याचा माझा परिपाठ होता. तो दिवस शनिवार नव्हता. हातपाय धुण्यास पाण्यात वाकलो, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटावरचा शाईचा डाग दिसला. टाकाने पडलेल्या घट्ट्यात मुरलेला तो निळा डाग मी चोळला, वाळूने घासला. तो फिका झाला, गेला नाही. आणि तेथेच, पाण्यात हात तसाच धरलेला असताना, एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आठवला : लेखनक्रियेचा.

हा समास मी पन्नासाहून अधिक वेळा वाचला असेन. परंतु ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात बोरू, शाई नि कागद यांची ही उठाठेव कशाला, असे मनाशी म्हणून मी तो नेहमी भरभर उरकीत असे. अक्षर वळणदार असावे, ओळी सरळ असाव्या, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, आणि सभोवार जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडत नाही. एवढेच तर त्यात सांगितले आहे! पण मी कारकून होतो. लोभ सोड म्हणणाऱ्या ओवीशी मी रात्रभर वाद घातला होता. या समासाशी घालण्यासारखा वादच नव्हता. मूळ दप्तरात जे आहे ते नकलेत एका टाकाने उतरले पाहिजे, आणि मध्येच एका सालापुरता माझा टाक निराळा चालला, तर मी जन्मभर केले ते लिहिणे नव्हेच. संत महात्म्यांसाठी लिहितात असे मी समजत होतो. माझ्यासाठी, माझ्या मेजावरच्या कामासाठी, समर्थांनी एक संपूर्ण समास लिहून ठेवला होता, आणि तीन तपे मी तो ओलांडून पुढे जात होतो. नदीकाठी बसून मला रडू आले, ते या गोष्टीचे.

घरी आलो तो पत्नी उंबऱ्यात उभी. काल रात्री तिला एका शब्दाने सांगितले नव्हते. ती म्हणाली, "पोरं सकाळपासून द्राक्षं मागताहेत. मी दिली नाहीत. परत करायची असतील ना ती?"

टांगा करून मी स्वतः करंडी पोचती केली. त्या गृहस्थांनी रागावून बोलावे अशी माझी अपेक्षा होती, ते फक्त म्हणाले, "मुलाचे वर्ष फुकट जाईल." गेलेही. तो एक वर्ष उशिरा पुण्यास गेला, पतपेढीच्या कर्जावर, आणि त्या वर्षभरात घरात जे अबोले झाले त्यांचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही.

नक्कल मी त्याच दिवशी लिहिली. कूळ म्हणून ज्याचे नाव दप्तरात होते, त्याचेच प्रत्येक सालाला लिहिले. चारी बाजूंना दोन-दोन बोटे जागा सोडली. पुढे निवृत्तीच्या आधी दुसरेच एक प्रकरण शोधताना शिपायाने अभिलेखाचा रुमाल सोडला, तर त्यात तो कागद निघाला. वाळवीने खालची कड खाल्ली होती, दुमडीवर तो फाटलाही होता. नावाला कोठे धक्का लागलेला नव्हता.