पहिल्या आवृत्तीचे गिऱ्हाईक

उत्तर मिनेसोटात बर्फ वितळू लागला की पुढच्या हिवाळ्याची खरेदी सुरू होते. स्नोमोबाइलची नवी मॉडेल्स वसंताच्या तोंडावर जाहीर होतात. गिऱ्हाइकाने मार्च-एप्रिलमध्ये इसार द्यायचा आणि यंत्र हाती पडायचे ते पानगळीत. या उतावळेपणाचे बक्षीस म्हणून बहुधा वाढीव वॉरंटी मिळते. रस्त्यावर चिखल असताना, अजून तयारही न झालेल्या यंत्राचा हा करार असतो. यंदा माझ्यापुढे असाच एक अर्ज होता. इंजिन नवे, सांगाडा नवा. थोडक्यात, मॉडेलचे पहिलेच वर्ष.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाला पहिल्या आवृत्तीचे वेड असतेच. पुढे लेखकाने काय गाळले, संपादकाने काय सावरले, हे पहिली आवृत्ती हाती असल्याशिवाय कळत नाही. तिच्यातले मुद्रणदोषही आपण जिव्हाळ्याने टिपून ठेवतो. इथे वीसेक हिवाळे काढलेल्या मलाही प्रत्येक नवे यंत्र पाहताना तोच मोह होतो. मात्र मुद्रणदोषाने कुणाची बोटे गोठत नाहीत.

२०१९च्या जानेवारीत मी असेच पहिल्या वर्षाचे एक यंत्र घेऊन गोठलेल्या तळ्यावर गेलो होतो. मागच्या सीटवर माझी बारा वर्षांची मुलगी होती. स्नोमोबाइल ज्या रुंद पट्ट्यावर धावते, त्याच्यापर्यंत इंजिनाची शक्ती पोचवण्याचे काम दोन क्लचांमधून फिरणारा एक रबरी बेल्ट करतो. क्लच एका रेषेत नसतील तर बेल्ट तापतो आणि त्याच्या चिंध्या होतात. आमचा तळ्याच्या मध्यावर तुटला. जादा बेल्ट बरोबर होता, तो बसवला. अर्ध्या तासात तोही गेला. तापमान उणे पंचवीस सेल्सिअस, आणि साडेचारनंतर अंधार. मासे धरायला आलेल्या दोघांना आमचा दिवा दिसला आणि त्यांनी आम्हांला ओढून काठाला लावले. मुलगी वाटेत एकदाही रडली नाही. घरी हातमोजे काढले तेव्हा तिची दोन बोटे मेणासारखी पांढरी पडली होती. ती वाचली, पण थंडी पडली की अजूनही ठणकतात.

डीलरने ते तुटके बेल्ट कारखान्याकडे पाठवले. पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये इंजिनाची बैठक बदललेली होती. शुद्धिपत्र निघाले होते, आणि त्यातली एक ओळ आमच्या खर्चाने छापली गेली होती.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तेव्हा अर्ज परत करणे सोपे होते. पण सगळ्यांनीच ताक फुंकत बसायचे ठरवले तर दुसरे वर्ष उजाडणार कसे? या वाहनाच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी आहे ते जोझेफ-आर्मां बोंबार्दिए क्वेबेकमधल्या व्हालकूरचे. १९३४च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. बर्फाने वाट अडवली, इस्पितळ गाठता आले नाही आणि मूल दगावले. बर्फावर चालणाऱ्या गाडीची त्यांची खटपट त्याआधीपासून सुरू होती. १९३७ साली दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट त्यांना मिळाले. एकट्या-दुकट्याने हाकायची छोटी स्की-डू यायला १९५९ साल लागले, आणि तिचा एक आरंभीचा नमुना त्यांनी उत्तर ऑन्टारिओतल्या एका मिशनरी मित्राकडे पोचवला. त्या निर्जन मुलखात कुणीतरी पहिला वाचक होण्याचे कबूल केले, म्हणून पुढच्या आवृत्त्या निघाल्या.

मग माझी चूक कोणती? पहिल्या वर्षाचे यंत्र घेतले ही नव्हे. आपण पहिले वाचक आहोत हे ठाऊक असताना मुलीला मागे बसवून तळे ओलांडायला निघालो, ही. न तपासलेल्या वस्तूवर स्वतःचा जीव लावण्याचा हक्क माणसाला असेल; दुसऱ्याच्या वतीने तसा कौल देण्याचा नाही. तिला कुणी विचारलेच नव्हते.

यंदाही दोन सीटांचेच यंत्र हवे होते. सुट्टीला मुलगी येते, आणि अलीकडे बायकोही मागे बसू लागली आहे. मी नवा अर्ज परत केला आणि दुकानात उरलेले, तीन हिवाळे बाजारात काढलेल्या जुन्या मॉडेलचे यंत्र मागितले. त्याच्या उणिवा इतरांनी सोसून दुरुस्त करून घेतल्या आहेत. हे ऋण आहे आणि ते फेडायची सोय नाही.

डीलरच्या टेबलाशी माझ्यामागे एक तरुण उभा होता. नव्या मॉडेलच्या अर्जावर सही करायला तो अधीर झाला होता. एकटाच चालवतो, म्हणाला. त्याला माझी कहाणी ऐकवावी असे एकदा वाटले, पण राहू दिले. निघताना एवढेच सांगितले, "जादा बेल्ट एक नको, दोन ठेव."