मागच्या दाराची खिटी

येवला, 8 जून 2025

प्रिय सखे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मला एक गोष्ट तुला नीट, सविस्तर सांगायची होती आणि ती घाईत लिहवेना. तू विचारलंस, नवी गाडी कशी आहे, आणि तुझ्या गाडीसारखी कळ दाबली की मागची दारं आपोआप सरकतात का. नाही गं, आमची दारं सरकत नाहीत, नेहमीसारखी बाहेरच उघडतात. पण याच दारांनी या उन्हाळ्यात माझे डोळे उघडले.

गाडी मराझो आहे, आठ सीटर, एका ओळखीच्यांकडून वापरलेली घेतली. आपल्या नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यातली. 3 सप्टेंबर 2018 ला ती तिथेच पहिल्यांदा लोकांपुढे आणली होती. नाव बास्क भाषेतलं, शार्क माशावरून. तुला गंमत वाटेल, हिच्या घडणीत तुझ्या नदीपलीकडच्या डेट्रॉइट भागातल्या महिंद्राच्या केंद्रातल्या लोकांचाही हात आहे. तू विंडसरच्या काठावरून रोज जे शहर बघतेस, त्याच्या आसपास हिच्या घडणीचं काम झालं आणि गाडी येवल्याच्या गल्लीत येऊन उभी राहिली. मला तर ही तुझ्या-माझ्यातली सोयरीकच वाटते.

आणि मिनीव्हॅनचं माहेर तर तुझंच गाव. क्रायस्लरची पहिली मिनीव्हॅन नोव्हेंबर 1983 मध्ये विंडसरच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी आपल्याकडे मारुतीची व्हॅन आली, तीच पुढे ओम्नी झाली. तुमच्या शेजारच्या काकांची व्हॅन आठवते का? नवरात्रात तिच्यातून कोटमगावला जगदंबेच्या दर्शनाला जायचो, सहा जणांच्या जागेत अकरा जण. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे पुढे बसणाऱ्याला खालून शेक. पण मागचं सरकतं दार आपण हाताने ओढायचो, आणि आत कोंदट झालं की कुणाला न विचारता काच सरकवायचो. वारा हवा की नको, उतरायचं की नाही, हे मागे बसलेल्याच्या हातात होतं. तेव्हा हे काही विशेष वाटलं नव्हतं. आता फार वाटतं.

आता काय झालं ते सांगते.

अक्षय तृतीयेच्या आदल्या आठवड्यात आईंना (तू त्यांना काकू म्हणायचीस) मोतीबिंदूच्या तपासणीला नाशिकला नेलं होतं. गाडी मीच चालवते, तुला माहीत आहे. परतताना विंचूर, मग आपलं येवलं. दुपारचे दोन वाजले होते, ऊन असं की डांबर चकाकत होतं. विंचूर चौफुलीजवळ मी गाडी उभी केली, डोळ्यांचे थेंब घ्यायचे राहिले होते. आई मागे डुलकी घेत होत्या. म्हटलं, पाच मिनिटांत येते, कशाला उठवू. गाडी बंद केली, उतरले आणि सवयीने चावीची कळ दाबली. औषधाच्या दुकानात गर्दी, सुट्ट्या पैशांचा घोळ. पाचाची पंधरा मिनिटं झाली.

परत आले तर आईंचा चेहरा लालबुंद, पदर घामाने चिंब, आणि दोन्ही हात मांडीवर मुकाट ठेवलेले. मी दार उघडलं तर पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "अगं, मी दोनदा ओढलं, मग सोडून दिलं. मला वाटलं माझ्याच हातून मोडलं. नवी वस्तू."

सखे, मोडलं काहीच नव्हतं. नातवासाठी आम्ही मागच्या दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक लावून ठेवलं होतं. ते लावलं की मागचं दार आतून उघडतच नाही, फक्त बाहेरून उघडतं. गाडी बंद असल्याने काचा खाली होईनात. आणि आईंनी ना हाक मारली, ना काचेवर थाप मारली. चाळीस वर्षं मागावर बसलेली ही बाई, पैठणीच्या पदरातला एक धागा तुटला तर डोळे मिटून बोटांनी शोधणारी, ती दाराच्या मुठीपुढे गप्प बसली, कारण कुणाला त्रास नको. त्या रात्री मला झोप लागली नाही. अजूनही तो लाल चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

घरी आल्यावर मी वाचत बसले. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये मोजून दाखवलं होतं की, उन्हाचा कडाका नसलेल्या दिवशीसुद्धा बंद गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी 22 अंशांनी चढतं, आणि त्यातला बहुतेक चढ पहिल्या अर्ध्या तासातला. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मी तर कायम बोटभर काच उघडी ठेवून निर्धास्त असायची. आपल्याकडे बाहेरच चाळीस असतात, तर आत काय होत असेल? लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं, आणि म्हाताऱ्या माणसांना ते तापलंय हे उशिरा कळतं. गेल्याच महिन्यात आंध्रात, विजयनगरम जिल्ह्यात, खेळता खेळता उभ्या गाडीत शिरलेली चार मुलं आतच अडकून गेली. बातमी वाचून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि सगळ्या घराला अंगणात बोलावलं.

त्या रविवारी आमच्या अंगणात शाळाच भरली. मागचं दार उघडून मी त्याची कड आईंना दाखवली. दार बंद झालं की जी कड झाकली जाते ना, तिथे कुलपाच्या खाली बारीकशी कळ असते आणि तिच्याजवळ लहान मुलाचं चित्र. मोतीबिंदूमुळे त्यांना चित्र दिसेना. मग त्यांनी तर्जनी त्या कडेवरून हळूच फिरवली, जशी पोताच्या गाठीवरून फिरवतात तशी, आणि कळ सापडल्यावर हसल्या. "अगं, ही तर एवढीशी खिटी!" खाली केली, वर केली, आत बसून दार ओढून पाहिलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. चार-पाच वेळा. मग म्हणाल्या, "आता माझ्या बाजूची वरच राहू दे. बाळाची त्याच्या बाजूला."

साधी वाट हीच निघाली. दोन्ही दारांच्या खिट्या वेगवेगळ्या असतात, एक लावली म्हणून दुसरी लावायलाच हवी असं नाही. उजवीकडे रस्त्यावरची वाहतूक असते, तिथे नातू बसतो आणि खिटी लावलेली. डावीकडे आई, खिटी मोकळी.

नातवाला वेगळं शिकवलं. तो सहा वर्षांचा आहे, संक्रांतीत पतंग आणि मांजाची आसारी घेऊन गाडीतच लपायचा. त्याला सांगितलं, मागचं दार उघडलं नाही तर रडत बसायचं नाही, दोन सीटच्या मधून पुढे यायचं. पुढच्या दारांना चाइल्ड लॉक नसतं. बहुतेक गाड्यांत पुढची आतली मूठ ओढली, एकदा नाही तर दोनदा, की कुलूप लागलेलं असलं तरी दार उघडतं. तेही जमलं नाही तर हॉर्न दाबून धरायचा. गाडी बंद असतानाही बहुतेक गाड्यांचा हॉर्न वाजतो. त्याने एवढ्या जोरात आणि एवढा वेळ वाजवला की पलीकडच्या गल्लीतले विणकर माग सोडून बघायला आले. मग त्यांच्याही मुलांना आत बसवून तोच धडा दिला. एकेक मूल मागून पुढे येताना सीटमध्ये अडकायचं, धडपडायचं, मग दार ढकलून बाहेर उडी मारायचं. आई ओट्यावर बसून मोजत होत्या. नऊ मुलं झाली. आणि चावी आता दाराजवळच्या खुंटीवर लटकत नाही, फडताळात वर असते, म्हणजे मुलांना खेळायला गाडी उघडताच येत नाही.

थंड हवेचंही सांगते, कारण तिथेही असंच झालं होतं. या गाडीच्या छताला मधोमध लांब पट्टी आहे, तिच्यात मागच्या दोन्ही रांगांसाठी झरोके. वारा थेट अंगावर घ्यायचा की छताजवळून पसरवायचा, हे ठरवता येतं, आणि मागच्यांच्या हवेचा जोरही वेगळा लावता येतो. नाशिकला जाताना माझ्या खांद्यावर ऊन, म्हणून मी थंडी वाढवत गेले. मागे आईंच्या डोक्यावर थेट गार झोत. त्यांनी पदर कानावरून घट्ट ओढून घेतला होता, मला आरशात दिसला, पण वाटलं झोपल्यात. निफाड ओलांडेपर्यंत त्यांचे गुडघे आखडले होते. मागे पंख्याचा आवाज, पुढे इंजिनाचा. बोलल्या असत्या तरी मला ऐकू आलं नसतं. आता झोत पसरवून लावते, मागच्या पंख्याची कळ मागे बसणाऱ्याच्या ताब्यात, आणि दर अर्ध्या तासाने मी आवाज बारीक करून विचारते, "आई, वारा पुरे का?" हे विचारायला गाडीत कुठलं बटण नाही, ते तोंडानेच विचारावं लागतं.

उन्हात उभी गाडी गार करायची रीतही आता घरात सगळ्यांना येते. आधी एका बाजूची काच पूर्ण खाली, आणि समोरच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा पंख्यासारखं हलवायचं, म्हणजे आतली भट्टी बाहेर पडते. मग गाडी सुरू करून काचा उघड्याच ठेवून बाहेरची हवा जोरात घ्यायची, कारण त्या घडीला बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असते. दोन-तीन मिनिटांनी काचा वर आणि हवा आतल्या आत फिरवायची कळ. लासलगावकडचे कांद्याचे ट्रॅक्टर पुढे असले की धुळीपायी हीच कळ कामाला येते. पण ती विसरून तास-दीड तास तशीच ठेवली, तर आठ माणसांच्या श्वासाने आतली हवा जड होते, डोकं दुखतं, चालवणाऱ्याला पेंग येते. म्हणून अधूनमधून बाहेरची हवा घेते. काळी फिल्म लावावी असं धाकट्या दिरांचं म्हणणं होतं. पण सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ती बंद केली आहे, आणि मला तर आत कोण बसलंय हे बाहेरच्याला दिसायलाच हवं. गाडी उभी असेल तेव्हा पुढच्या काचेला आतून जाड पुठ्ठा लावते, तेवढा पुरतो.

यंदा मे महिन्यातच पावसाने गाठलं. काचांवर आतून धुकं धरायला लागलं, तेव्हा धाकटी जाऊ फडक्याने पुसत होती. तिला दाखवलं: हवा बाहेरची, झोत पुढच्या काचेवर, आणि एसी चालू. पाऊस असताना एसी कशाला, तिने विचारलं. एसी हवा नुसती गार करत नाही, कोरडीही करतो. गार नळ्यांवर हवेतलं पाणी धरतं, जसं पाण्याने भरलेल्या गार तांब्याला बाहेरून थेंब फुटतात. तेच पाणी गाडीखाली टपटपतं. आईंनी एकदा ते थेंब बघून "गाडी गळतेय गं!" म्हणून घाबरून हाक मारली होती. हाक मारली, सखे. मला त्या थेंबांपेक्षा त्या हाकेचा आनंद झाला.

तुझ्या पत्रात लिहिलंस की थंडीत तुम्ही घरातूनच गाडी सुरू करून ठेवता, म्हणजे बसेपर्यंत सीट ऊबदार होते. मला तुझी एक काळजी वाटते. बर्फ पडून गेल्यावर गाडी चालू करण्याआधी मागच्या धुराच्या नळीवरचा बर्फ काढतेस ना? ती बुजली तर धूर आत शिरतो, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, कळतही नाही. आणि गॅरेजचं दार बंद असताना गाडी कधीही सुरू ठेवू नकोस. तुझ्या मागच्या रांगेत कोण बसतं गं? तुझे सासरे आलेत ना सध्या? त्यांना ती सरकती दारं आतून हाताने कशी उघडायची, हे दाखवलंस का? एकदा गाडी बंद करून त्यांनाच उघडायला लाव आणि काय झालं ते मला लिही.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा नुकताच, 5 जूनला, खुला झाला. संक्रांतीला येशील तेव्हा कसारा घाटात अडकायला नको, मुंबईहून थेट या बाजूला उतरता येईल. मी गाडी घेऊन मुंबईला येईन, आईही येणार म्हणतात. त्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तोवर नजर स्वच्छ झाली असेल. मधल्या रांगेत डावीकडे त्या बसतात, त्यांच्याशेजारची जागा तुझी. काल कोटमगावला गेलो होतो. देवळापाशी गाडी थांबते न थांबते तोच मागून आवाज आला, "थांब, तू उतरू नकोस, मी उघडते," आणि मी वळून बघेपर्यंत आई खाली उतरून पदर सारखा करत उभ्या होत्या.

तुझी,
बालमैत्रीण