गळा आणि चेहरा

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या वर्गात संगीत नाटक शिकवताना एक अडचण नेहमी येते. नट स्वतःच गातो, याचे पार्श्वगायनावर वाढलेल्या विद्यार्थ्यांना नवल वाटते. अशा वेळी आम्ही आर्या आंबेकरचा दाखला देतो. २००८-०९च्या ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’मधली ही गायिका २०१७ साली सतीश राजवाडे यांच्या ‘ती सध्या काय करते’मध्ये तरुण तन्वी झाली. ‘हृदयात वाजे समथिंग’मध्ये गळाही तिचा, चेहराही तिचाच.

मात्र वर्गात न दिलेली एक कबुली येथे द्यायला हवी. चित्रपट पाहताना आम्ही तन्वीला पाहिलेच नाही. आम्ही शोधत होतो ती दूरचित्रवाणीवरची पोर. नायक आपल्या बालमैत्रिणीला आठवणीत जपतो. आम्ही तरी वेगळे काय केले? चित्रपटाचे शीर्षक हा आमचाच प्रश्न होता, आणि ‘ती तेव्हा होती तशीच आहे’ एवढेच उत्तर आम्हाला हवे होते.

पुढे २०२२ साली ‘चंद्रमुखी’तले ‘बाई गं’ आले. पडद्यावर अमृता खानविलकर, आवाज आर्याचा. त्या आवाजात आम्हाला प्रथमच एक प्रौढ स्त्री ऐकू आली.

उतारवयातल्या बालगंधर्वांना तरुण नायिका म्हणून स्वीकारणाऱ्या प्रेक्षकांचे आम्ही वारसदार. तरीही एका मुलीला मोठी होऊ देण्यासाठी आम्हाला तिचा चेहरा दिसेनासा व्हावा लागला. दोष अर्थातच तिच्या अभिनयाचा नव्हता.