दुसऱ्या नंबरचा रिमोट

घरात व्हिडिओ गेमचा संच आणायचा ठरला, की सगळी चर्चा होते ती संचाची. कोणत्या कंपनीचा घ्यावा, किती रुपयांचा घ्यावा, मुलांचा अभ्यास बुडणार तर नाही ना, याचा खल चार-चार दिवस चालतो. पण ज्या वस्तूला मुलांचे हात रोज लागणार, तिच्याकडे खरेदीच्या दिवशी कोणाचेच लक्ष नसते. इंग्रजीत तिला कंट्रोलर म्हणतात. आपल्याकडे कोणी जॉयस्टिक म्हणते, पण बऱ्याच घरांत तो नुसता ‘रिमोट’ असतो. संच टीव्हीखाली वर्षानुवर्षे निवांत पडून राहतो. दाबला जातो, आपटला जातो, घामेजतो आणि शेवटी बिघडतो, तो रिमोट.

आजकाल संचाबरोबर बहुधा एकच रिमोट येतो आणि घरात मुले असतात दोन. मग दुसरा रिमोट आणावा लागतो. अस्सल रिमोटची किंमत कित्येक हजारांत असल्याने तिथे हात आखडतो. ‘पाहुणे आले तर लागेल’, ‘धाकटीला काय, कसलाही चालेल’ असे म्हणत स्वस्तातला एखादा उचलला जातो. घरातल्या कितीतरी भांडणांचे मूळ या ‘कसलाही चालेल’मध्ये असते.

दुसऱ्या नंबरची ही दुय्यम वागणूक तशी जुनीच आहे. १९८३ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचा संच काढला. फॅमिली कॉम्प्युटर या शब्दांवरूनच त्याचे हे नाव पडले. त्याला दोन रिमोट वायरने कायमचे जोडलेले होते, पण दोन्ही सारखे नव्हते. खेळ सुरू करण्याचे आणि थांबवण्याचे बटण फक्त पहिल्यावर होते. दुसऱ्यावर त्याऐवजी एक छोटा मायक्रोफोन बसवलेला होता. म्हणजे दुसऱ्याने बोलावे, पण हुकूम पहिल्याने सोडावा! १९८५ च्या प्रसिद्ध ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्येही पहिला खेळाडू मारिओ आणि दुसरा लुईजी. मारिओचा जीव जाईपर्यंत दुसऱ्याने हातावर हात ठेवून बसायचे.

याच जातीचे संच नव्वदच्या दशकात ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांनी आपल्या घरांत आले. मुंबईकरांसाठी जसा लॅमिंग्टन रोड, तसा दिल्लीकरांसाठी कॅनॉट प्लेसचा पालिका बाजार. जमिनीखालच्या त्या बाजारात व्हिडिओ गेमच्या ‘कॅसेटी’ विकत मिळत आणि बदलूनही मिळत. करोल बाग, पहाडगंज भागातल्या मराठी घरांतली मुलेही तिथे बाबांचा हात धरून गेलेली असत. ती मुले आज स्वतः आईबाप आहेत. कोणी नोएडात, कोणी गुडगावात स्थिरावले आहेत आणि आता मुलांसाठी संच घेण्याची पाळी त्यांची आहे.

नोएडातल्या अशाच एका मराठी कुटुंबात घडलेली गोष्ट आहे. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. संचाबरोबरचा रिमोट अर्थातच दादाचा झाला. धाकटीसाठी बाजारातून स्वस्तातला एक आला. दोघांनी मिळून उड्या मारत पूल ओलांडायचा असा एक खेळ होता. धाकटीचा गडी दर वेळी पुलाच्या डाव्या बाजूने खाली पडे.

“दादा, माझा माणूस आपोआप डावीकडे जातो रे!”

“खेळता येत नाही, म्हणून बहाणे सांगतेस!”

बाबांनीही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता सांगितले, “अगं, हरायलाही शिकावं माणसानं.”

आठवड्याभरात तिने खेळणे सोडून दिले. ‘मुलींना मुळी या खेळांची आवडच नसते’ असा निष्कर्ष घरात निघाला आणि तो सगळ्यांना पटलाही. पुढे एकदा जेवणे झाल्यावर मुलाने आग्रह केला म्हणून आई खेळायला बसली. तिचाही गडी डावीकडेच पडू लागला. तेव्हा आईने रिमोट टीपॉयवर ठेवून दिला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. कोणी हात लावत नव्हते, तरी पडद्यावरचा तो गडी डावीकडे चालत गेला आणि पुलावरून खाली पडला. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. धाकटी दारात उभी राहून बघत होती. ती एवढेच म्हणाली, “मी सांगत होते ना!”

या दोषाला इंग्रजीत ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. अंगठ्याने फिरवायच्या दांडीखाली दोन छोटे भाग असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. त्यांत कार्बनच्या पातळ पट्टीवरून धातूची पत्ती घासत जाते आणि ती पट्टीवर कुठे टेकली आहे यावरून दांडी किती वळली ते यंत्राला कळते. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायचे बटण याच जातीचे. वर्षानुवर्षे फिरवून ते खरखरू लागे, हे अनेकांना आठवत असेल. इथेही तेच होते. पट्टी झिजते, आत धूळ जाते आणि दांडी सरळ उभी असतानाही यंत्राला ती कललेली वाटते. उन्हाळ्यात आंधी आली की दिल्लीत बंद खिडकीच्या फटीतूनही धूळ घरात येते. तेव्हा रिमोट उघड्यावर न टाकता डब्यात किंवा कापडी पिशवीत ठेवणे, हाच इथला पहिला उपाय.

हा दोष स्वस्त मालातच असतो असेही नाही. निन्टेंडोच्या ‘स्विच’ संचाच्या रिमोटबद्दल जगभरातून तक्रारी आल्या, तेव्हा २०२० साली कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना ग्राहकांची माफी मागावी लागली. यावर एक चांगला मार्ग म्हणजे चुंबकावर चालणारी दांडी. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या तत्त्वावर ती चालते, म्हणून तिला ‘हॉल इफेक्ट’ दांडी म्हणतात. तिच्यात घासायला पट्टीच नसते, त्यामुळे त्या जागी झीज होत नाही. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ‘ड्रीमकास्ट’च्या रिमोटमध्येही ती होती. आज मधल्या किमतीच्या काही रिमोटमध्ये ती मिळते आणि तसे खोक्यावर छापलेले असते. दुसरा रिमोट घेताना हे दोन शब्द शोधावेत.

पण टिकाऊपणाइतकाच हाताचाही विचार हवा. सुरुवातीचे रिमोट चपटे, कोपरे टोकदार. तासभर खेळले की तळहातावर वळ उठत. पुढे सुधारणा होत गेल्या. चार दिशांचे अधिकचिन्हासारखे बटण गुनपेई योकोई यांनी १९८२ साली आणले. १९९० मध्ये निन्टेंडोच्या नव्या संचाबरोबर गोलसर कडांचा आणि तर्जनीसाठी वरच्या कडेला बटणे असलेला रिमोट आला. १९९४ च्या प्लेस्टेशनच्या रिमोटला तळहातात बसणाऱ्या दोन मुठी होत्या. हाताचा विचार का हवा, याचे एक उदाहरणही आहे. १९९० साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले. पस्तीस वर्षांच्या एका बाईंचा अंगठा भयंकर दुखत होता. दुखण्याचे कारण काय, तर मुलाला नाताळात मिळालेला व्हिडिओ गेम त्या सलग पाच तास खेळल्या होत्या! मुलांना रागावण्याआधी मोठ्यांनी हे पत्र आठवावे.

म्हणून रिमोट घेताना ज्याला खेळायचे आहे त्याला दुकानात बरोबर न्यावे. नोएडाच्या त्या कुटुंबाने पुढच्याच शनिवारी नेहरू प्लेस गाठले. दुकानदाराने सवयीने रिमोट मुलापुढे धरला, “लो बेटा, देखो.” आईने धाकटीला पुढे केले आणि म्हणाली, “भाईसाहब, इसके हाथ में दीजिए.”

हातात घेतल्यावर बघायचे काय? अंगठे न ताणता सगळ्या बटणांवर पोचतात का, तर्जनी मागच्या बटणांवर सहज टेकते का आणि मनगट सरळ राहते का. वजनही बघावे. प्लेस्टेशन ५ चा रिमोट सुमारे २८० ग्रॅमचा आहे, तर प्लेस्टेशन ४ चा सुमारे २१० ग्रॅमचा. मोठ्यांना हा फरक जाणवत नाही, नऊ वर्षांच्या मनगटाला अर्ध्या तासात जाणवतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत गुळगुळीत चकचकीत पाठ घामाने निसटते. त्यापेक्षा किंचित खरखरीत पाठ बरी.

मग दांडी गोल फिरवून सोडावी. ती चटकन मधोमध येऊन थांबली पाहिजे. प्रत्येक बटण कडेला दाबून पाहावे. ते अडकता कामा नये. दुकानात सोय असेल तर रिमोट पडद्याला जोडून, हात न लावता मिनिटभर नुसते बघत राहावे. त्या आईने टीपॉयवर केली तीच परीक्षा, पण पैसे देण्यापूर्वी.

आपल्या संचाला तो चालतो का, हेही आधीच विचारावे. प्लेस्टेशन ४ चा रिमोट प्लेस्टेशन ५ ला जोडला जातो, पण त्यावर ५ चे खेळ खेळता येत नाहीत. उलट एक्सबॉक्स वनचे रिमोट नव्या एक्सबॉक्स सीरीज संचांवर चालतात. एक्सबॉक्सच्या नेहमीच्या रिमोटला दोन पेन्सिल सेल लागतात. पुन्हा चार्ज होणारे सेल घेतले तर ते खराब झाल्यावर बदलणे सोपे. प्लेस्टेशनच्या रिमोटची बॅटरी आतच असते. ती काही वर्षांनी दमते, तेव्हा लांब वायर जवळ असू द्यावी.

आणि बिल! दिसायला हुबेहूब पण नकली असा माल बाजारात भरपूर आहे. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २०२१ साठी काढलेल्या नकली मालाच्या बाजारांच्या यादीत पालिका बाजाराचेही नाव होते. म्हणून तिथला प्रत्येक दुकानदार खोटा ठरत नाही, पण छापील बिल आणि वॉरंटीचा कागद न देणाऱ्याकडून काही हजारांची वस्तू घेऊ नये. बिल हातात असले तर दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरातला दुसरा खेळाडू दर वेळी लहान मूलच असेल असे नाही. कधी संधिवाताने बोटे आखडलेले आजोबा असतात, कधी एक हात कमी चालणारे मूल असते. अशांसाठी मोठ्या बटणांचा खास रिमोट मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणि सोनीने २०२३ मध्ये आणला. एक्सबॉक्समध्ये तर २०१७ पासून दोन रिमोट जोडून एकच गडी चालवण्याची सोय आहे. नातवाने चालायचे, आजोबांनी फक्त उडी मारायची. ज्याला सगळी बटणे सांभाळता येत नाहीत, त्यालाही त्यामुळे डावात जागा मिळते.

दोन चांगले रिमोट एकदम परवडत नसतील तर थोडे थांबावे, पैसे साठवावेत. तोवर एक नियम घरात पाळता येतो: प्रत्येक डावानंतर रिमोटांची अदलाबदल. वाईट रिमोट मग कोणा एकाच्या नशिबी राहत नाही आणि त्याची तक्रार खरी की खोटी, हे दुसऱ्यालाही दोन मिनिटांत कळते. नोएडाच्या त्या घरात आता दोन्ही रिमोट चांगले आहेत, तरी हा नियम चालू आहे. धाकटी अजूनही बरेचदा हरते. दादा वयाने मोठा आहे, त्याचा हात बसलेला आहे. पण हरली तरी ती उठून जात नाही, “दादा, आणखी एक डाव!” म्हणते.